दऱ्यांचा दर्या होतो तेव्हा

जुनी फ्लॉपी हातात आली की पहिला प्रश्न ठरलेला असतो: ही आता लावायची कुठे? लॅपटॉपला तशी फट नाही, ऑफिसातल्या नव्या संगणकाला नाही, आणि माळ्यावर टाकलेला जुना संगणक चालू होईल याची खात्री नाही. प्रश्न रास्त आहे, पण मराठी मजकुराच्या बाबतीत तो सोपा प्रश्न आहे. ड्राइव्ह मिळतो. यूएसबीला लागणारा फ्लॉपी ड्राइव्ह आजही ऑनलाइन विकत घेता येतो. फ्लॉपी आत सरकवली की तो ओळखीची खरखर करतो, फाइलींची नावं दिसतात, हवी ती फाइल उघडतेही. मग पडद्यावर जे उमटतं ते बघून माणूस हबकतो: इंग्रजी मुळाक्षरं, डोक्यावर टिंबं असलेली युरोपीय अक्षरं, पौंडाचं चिन्ह, उलटं प्रश्नचिन्ह, मध्येच रिकामे चौकोन. ‘फाइल करप्ट झाली’ असा निकाल लागतो आणि फ्लॉपी कचऱ्यात जाते. बहुतेक वेळा त्या फाइलीतला एकही बाइट बिघडलेला नसतो. तीस वर्षांपूर्वी टाइप करणाऱ्याने जे उमटवलं तेच जसंच्या तसं समोर असतं. त्याला मराठीचं रूप देणारा फॉन्ट तेवढा नसतो. फ्लॉपी वाचवायची म्हणजे तिच्यावरची फाइल नव्या संगणकात ओढून घ्यायची, एवढंच धरून चालणं ही मराठीपुरती तरी फार महागात पडणारी चूक आहे, असं माझं म्हणणं आहे. ओल आणि बुरशी जेवढा मजकूर खाईल त्याहून जास्त या गैरसमजापायी जाईल.

फ्लॉपीची उमेदीची वर्षं म्हणजे ढोबळमानाने १९८८ ते २००२. रत्नागिरी जिल्ह्यासाठी ही वर्षं मोठी गजबजलेली होती. १९९० मध्ये मधु मंगेश कर्णिक यांच्या अध्यक्षतेखाली अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन रत्नागिरीत भरलं. त्याच वर्षी कोकण रेल्वेचं महामंडळ स्थापन झालं आणि जानेवारी १९९८ मध्ये पूर्ण मार्ग खुला झाला. मधल्या काळात जमिनी गेल्या, बोगदे खणले गेले, अर्जविनंत्या झाल्या. गुहागर तालुक्यात एन्रॉनचा दाभोळ वीजप्रकल्प आला आणि त्यावरून उभा जिल्हा तावातावाने भांडला. नेमक्या याच काळात छापखान्यांतले शिशाचे खिळे मागे पडले आणि डीटीपीची दुकानं निघाली. लग्नपत्रिका, शाळेची स्मरणिका, पतसंस्थेचा अहवाल, आंदोलनाचं पत्रक, नमन-खेळ्यांच्या मंडळाचं पावतीपुस्तक, दिवाळी अंकातली कथा, हे सगळं एकाच संगणकावर, एकाच ऑपरेटरच्या हाताखालून जायचं आणि गरज पडली तर फ्लॉपीवर चढून एसटीने दुसऱ्या गावच्या छापखान्याकडे निघायचं. छापलेल्यातलं थोडं वाचनालयांत पोचलं. पत्रकं आणि अहवाल मात्र कुणी जपत नाही. त्यांचा जन्मच चार दिवसांसाठी असतो. शिवाय जे छापलंच गेलं नाही, म्हणजे कापलेले परिच्छेद, नाकारलेले लेख, सभासदांच्या याद्या, पाठवलेल्या पत्रांच्या प्रती, ते कुठे असलंच तर या प्लास्टिकच्या चौकोनांतच असणार.

आता आधी फ्लॉपीचं शरीर समजून घेऊ, कारण कोकणात त्याचे हाल जरा जास्तच होतात. साडेतीन इंची फ्लॉपीच्या कडक कवचात पातळ पॉलिस्टरची चकती असते आणि तिच्या दोन्ही बाजूंना चुंबकीय कणांचा लेप असतो. ती मिनिटाला ३०० फेरे घेते. प्रत्येक बाजूवर ८० वर्तुळाकार मार्ग, प्रत्येक मार्गाचे १८ तुकडे (सेक्टर), प्रत्येक तुकड्यात ५१२ बाइट. गुणाकार केला की १४,७४,५६० बाइट होतात. (बाजारातलं ‘१.४४ एमबी’ हे हजार आणि १,०२४ या दोन हिशेबांची भेसळ करून काढलेलं आहे; कुठल्याही एका हिशेबाने ते बरोबर येत नाही.) आज फोनवरच्या एका फोटोलाही ही जागा पुरणार नाही, पण साध्या मजकुराच्या रूपात चारपाचशे पानांची कादंबरी तीत आरामात मावायची. हार्ड डिस्कमध्ये वाचणारं हेड चकतीच्या किंचित वर तरंगतं. फ्लॉपीत ते चकतीला चक्क घासतं, आणि सगळी मेख तिथे आहे. रत्नागिरीत पावसाळ्याच्या चार महिन्यांत तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. चपला, पुस्तकांचे पुठ्ठे, कॅमेऱ्याची भिंगं यांवर जी बुरशी चढते तीच फ्लॉपीच्या चकतीवर चढते. लेप धरून ठेवणारा चिकट थर ओलाव्याने कमजोर होतो. खाऱ्या हवेत वरची पत्र्याची झडप गंजते. अशी फ्लॉपी थेट ड्राइव्हमध्ये घातली तर हेड बुरशी खरवडतं, बुरशीखालचा लेपही खरवडतं, आणि ती घाण अंगावर घेऊन पुढच्या चांगल्या फ्लॉपीवर ओरखडे काढतं. दहा फ्लॉप्यांचा डबा असेल आणि तिसरी खराब असेल, तर उरलेल्या सातही धोक्यात येतात.

म्हणून संगणक सुरू करण्याआधी खिडकीपाशी बसायचं. झडप बोटाने बाजूला सरकवायची, मागच्या धातूच्या चकलीला धरून चकती हळूहळू फिरवायची आणि तिरप्या उजेडात बघायचं. निरोगी चकती गडद आणि आरशासारखी गुळगुळीत दिसते. पांढुरके ढग, ठिपके किंवा गोल ओरखडा दिसला तर ती वेगळी ठेवायची. बुरशी धरलेल्या चकतीवर जवळपास शुद्ध आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि धागे न सोडणारं कापड चालतं. जास्त खराब असेल तर कवच अलगद उकलून चकती बाहेर काढायची, पुसायची, पूर्ण वाळवायची आणि एखाद्या निरुपयोगी पण स्वच्छ फ्लॉपीच्या कवचात बसवायची. कवच बदलल्याने मजकूर बदलत नाही. आधी हा प्रयोग बिनमहत्त्वाच्या फ्लॉपीवर करून हात बसवावा, हे सांगायला नकोच.

पुढची पायरी कुलपाची. साडेतीन इंची फ्लॉपीच्या कोपऱ्यातली छोटी खिडकी उघडी ठेवली की तीवर काही लिहिता येत नाही. सव्वापाच इंचीचा हिशेब उलटा: तिच्या कडेची खाच चिकटपट्टीने बंद केली की लिहिणं थांबतं. ही काळजी हौसेची नाही. विंडोज ९५ कुलूप नसलेल्या फ्लॉपीच्या पहिल्याच सेक्टरात आपली खूण लिहून ठेवायचं, वापरणाऱ्याने काहीही केलं नाही तरी. आजची विंडोज न ओळखलेल्या फ्लॉपीला ‘फॉरमॅट करायची का?’ असं नम्रपणे विचारते, आणि घाईत ‘हो’ म्हटलं की जे तीस वर्षं टिकलं ते मिनिटाभरात जातं. कुलूप लावल्यावर फाइल ओढून घ्यायच्या नाहीत. अख्ख्या फ्लॉपीची प्रतिमा काढायची, म्हणजे पहिल्या सेक्टरापासून शेवटच्या २,८८०व्या सेक्टरापर्यंत सगळं जसंच्या तसं एका फाइलीत उतरवायचं. लिनक्सवरचं डीडीरेस्क्यू हे फुकट साधन त्यासाठी उत्तम, कारण ते आधी सहज वाचता येणारे भाग उचलतं, अडलेले मागे ठेवतं, आणि मग त्या अडलेल्यांभोवती पुन्हापुन्हा प्रयत्न करतं. कुठले सेक्टर मिळाले, कुठले नाही, याचा नकाशाही लिहितं. एका ड्राइव्हने हार मानली तर दुसरा लावून बघावा. प्रत्येक ड्राइव्हच्या हेडची रेषा किंचित वेगळी असते, आणि ज्या दुकानातल्या वाकड्या ड्राइव्हने फ्लॉपी लिहिली, तिला तसाच एखादा वाकडा ड्राइव्ह जास्त मानवतो.

यूएसबी ड्राइव्हची मर्यादा मात्र लक्षात घ्यायला हवी. तो १.४४ एमबीची साडेतीन इंची फ्लॉपी वाचतो. त्याहून जुन्या ७२० केबीच्या फ्लॉपीशी काही ड्राइव्ह जुळवून घेतात, काही घेत नाहीत. जुन्या मॅकिंटॉशची ८०० केबीची फ्लॉपी त्याला मुळीच कळत नाही. आणि सव्वापाच इंचीसाठी तसा ड्राइव्ह बाजारात नाही. तिथे ग्रीसविझल किंवा क्रायोफ्लक्स नावाचे छोटे इलेक्ट्रॉनिक बोर्ड कामाला येतात. ते एका बाजूने जुन्या मूळ ड्राइव्हला आणि दुसऱ्या बाजूने आजच्या संगणकाला जोडतात. त्यांचं काम मला फार आवडतं, कारण ते काही समजून घेण्याचा आव आणत नाहीत. चकतीवरचं चुंबकत्व कुठे पालटलं आणि दोन पालटांमध्ये किती वेळ गेला, एवढंच ते टिपतात; त्याचा अर्थ लावण्याचं काम नंतर सॉफ्टवेअर निवांतपणे करतं, हवं तितक्या वेळा. तंत्र म्हणून हे खात्रीचं आहे. ‘प्रिन्स ऑफ पर्शिया’ या १९८९ सालच्या गेमचा मूळ प्रोग्राम त्याचा कर्ता जॉर्डन मेकनर याला २०१२ मध्ये जुन्या डब्यातल्या फ्लॉप्यांवर मिळाला आणि तो जवळपास सगळा वाचता आला.

पण याहून बोलकं उदाहरण अँडी वॉरहॉलचं आहे. या अमेरिकन चित्रकाराने १९८५ मध्ये अमिगा संगणकावर काही चित्रं काढली होती. पिट्सबर्गच्या वॉरहॉल संग्रहालयातल्या फ्लॉप्यांवरून ती कार्नेगी मेलन विद्यापीठाच्या संगणक क्लबने बाहेर काढली आणि २०१४ मध्ये ही बातमी जगभर झाली. तिथे फ्लॉप्या वाचून झाल्यावर खरं काम सुरू झालं होतं. चित्रांच्या फाइली अशा स्वरूपात होत्या की ते कुठल्याच चालू प्रोग्रामला कळत नव्हतं. ते स्वरूप मुळापासून उलगडावं लागलं. थोडक्यात, चकती शाबूत, बाइट शाबूत, आणि तरीही चित्र नाही. वॉरहॉलच्या बाबतीत हा अपवाद ठरला. १९९०च्या दशकातल्या मराठी मजकुराच्या बाबतीत हाच नियम आहे.

असं का झालं हे समजायला रत्नागिरीतच थोडं मागे जावं लागेल. देवनागरीत मुळाक्षरं पन्नासच्या आसपास, पण त्यांची रूपं शेकडो: अर्धी अक्षरं, जोडाक्षरं, मात्रा, वेलांट्या, रफार. शिशाचे खिळे जुळवण्याच्या काळात यामुळे मराठी छपाई महाग आणि संथ होती. रत्नागिरीत जन्मलेल्या टिळकांनी केसरीसाठी खिळ्यांची संख्या कमी करण्याचा खटाटोप केला होता. १९२४ ते १९३७ या काळात रत्नागिरीत स्थानबद्ध असलेल्या सावरकरांनी लिपिशुद्धीची चळवळ चालवली; अि, अी, अु अशी ‘अ’ची बाराखडी त्यातलीच, आणि तिच्यामागचा एक हेतू छपाईची यंत्रं आणि टंकलेखनाला लिपी सोयीची करावी हा होता. मराठी वाचकाने ती बाराखडी स्वीकारली नाही. साठ वर्षांनी संगणकाच्या फॉन्टकारांपुढे तीच अडचण उभी राहिली: रूपं शेकडो, आणि आठ बिटांच्या फॉन्टात घरं जेमतेम २५६, तीही सगळी वापरता येत नाहीत. त्यांनी लिपीला हात लावला नाही. तिचे तुकडे केले. अर्धा त, अर्धा न, काना, वेलांटी, रफार, रफारासकट वेलांटी, असा एकेक तुकडा इंग्रजीसाठी राखलेल्या एकेका घरात बसवला. पडद्यावर तुकडे शेजारीशेजारी आले की डोळ्याला सुरेख मराठी दिसायचं. संगणकाच्या लेखी मात्र ते इंग्रजी आणि युरोपीय चिन्हांची माळच होतं.

आणि कुठला तुकडा कुठल्या घरात बसवायचा हे प्रत्येकाने आपापलं ठरवलं. पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकच्या श्रीलिपीची मांडणी वेगळी, आकृतीची वेगळी, सी-डॅकच्या योगेश आणि सुरेख या फॉन्टांची वेगळी. सी-डॅकच्याच फॉन्टात एकभाषी आणि द्विभाषी अशा जाती निराळ्या. गंमत म्हणजे ध्वनीनुसार अक्षरं साठवण्याचं एक नीट प्रमाण तेव्हाही होतं. इस्की या नावाने ते १९९१ मध्ये भारतीय मानक ब्युरोने मान्य केलं, आणि युनिकोडची देवनागरी त्याच्याच आधीच्या आवृत्तीवर बेतली गेली. पण छपाईच्या धंद्याला ध्वनीशी कर्तव्य नव्हतं, पान देखणं निघण्याशी होतं. त्यांना दोष देता येत नाही. त्यांच्या मालाचं ठिकाण कागद होतं, आणि कागदावर सगळं बरोबर उमटत होतं. विंडोज २००० बरोबर र. कृ. जोशींनी रेखाटलेला मंगल हा युनिकोड फॉन्ट आला, तरी मराठी छापखाने त्यानंतर कितीतरी वर्षं जुन्याच मांडणीवर राहिले. तेव्हा फ्लॉपीवर मराठी फाइल सापडली तर ती युनिकोडमध्ये नाही, असंच धरून चालावं.

याचा परिणाम एका शब्दावर बघू, आणि तो शब्द ‘रत्नागिरी’च घेऊ. युनिकोडमध्ये तो उच्चाराच्या क्रमाने साठवला जातो: र, त, हलन्त, न, काना, ग, पहिली वेलांटी, र, दुसरी वेलांटी. नऊ खुणा. जुन्या फॉन्टात तो डोळ्याला दिसणाऱ्या क्रमाने असतो: र, अर्धा त, न, काना, पहिली वेलांटी, ग, र, दुसरी वेलांटी. आठ तुकडे, आणि वेलांटी ‘ग’च्या आधी. रूपांतर करणाऱ्या प्रोग्रामने नुसतं घरामागे घर बदललं तर ‘रत्नािगरी’ असं काहीतरी निघतं. पीडीएफमधून मराठी उचलून चिकटवणाऱ्या प्रत्येकाने हा अपघात पाहिलेला आहे. काही फॉन्टांत पूर्ण ‘न’ हाही अर्धा न आणि उभा दंड असा दोन तुकड्यांचा असतो. म्हणजे ‘ना’मध्ये एकापुढे एक दोन दंड येतात, आणि त्यातला कुठला अक्षराचा कणा आणि कुठला काना हे प्रोग्रामला कळावं लागतं. रफाराची तऱ्हा उलटी: उच्चारात आधी, दिसण्यात नंतर. ‘कीर्ती’ या शब्दात रफार शेवटच्या वेलांटीलाच चिकटलेला एक तुकडा असू शकतो. मग त्या एका तुकड्यातून दोन खुणा काढून एक ‘त’च्या आधी आणि एक ‘त’च्या नंतर ठेवावी लागते.

हे सगळं हिंदीलाही लागू आहे. मराठीचं म्हणून एक जास्तीचं संकट आहे, ते चंद्रकोरीसारख्या अर्ध्या ‘र’चं. ‘दऱ्या’ आणि ‘दर्या’ हे दोन शब्द. पहिल्यात डोंगर आहेत, दुसऱ्यात समुद्र. रूपांतर करणारं साधन हिंदी डोळ्यासमोर ठेवून बनवलेलं असेल आणि त्याला तो मराठी ‘र’ ठाऊक नसेल, तर सह्याद्रीतल्या सगळ्या दऱ्यांचा दर्या होतो, आणि लग्नाच्या आचाऱ्याला आचार्यपद मिळतं. शुद्धलेखन तपासणाऱ्याला यात चूक सापडत नाही, कारण दोन्ही शब्द खरे आहेत. कोकणावरच्या लेखात तर वाचणाऱ्यालाही लगेच शंका येणार नाही. इथे दोन्ही गोष्टी हाकेच्या अंतरावर आहेत.

म्हणून मी आधी म्हटलं ते पुन्हा: फाइल ओढून घेणं पुरेसं नाही. सर्वात वाईट काय करता येईल, तर फाइल उघडून त्यातला मजकूर साध्या टेक्स्टमध्ये साठवणं. वर्ड किंवा पेजमेकरच्या मूळ फाइलीत कुठल्या ओळीला कुठला फॉन्ट आहे याची नोंद असते. साध्या टेक्स्टमध्ये ती पुसली जाते. मग मराठी कुठे संपलं आणि मधलं एखादं इंग्रजी नाव कुठे सुरू झालं हे सांगायला काही उरत नाही. दोन्ही त्याच घरांत राहणारे. रूपांतर केलं की मराठी दुरुस्त होतं आणि कंपनीच्या इंग्रजी नावाची देवनागरी खिचडी होते. अख्ख्या फ्लॉपीची प्रतिमा घेण्याचा आग्रह यासाठीच. ऑपरेटर बरेचदा मजकुराबरोबर फॉन्टही त्याच फ्लॉपीवर टाकून छापखान्याला देत, कारण तिकडे तो नसला तर पान बिघडायचं. मूळ सॉफ्टवेअर आज चालवणं अवघड आहे: त्यातली बरीच हार्डवेअर लॉकशिवाय चालत नसत, आणि ते लॉक ज्या प्रिंटर पोर्टला खोचायचं ते पोर्टच नव्या संगणकांना नाही. फॉन्टची फाइल मात्र आजही उघडते, आणि कुठल्या घरात कुठला तुकडा आहे याचा तोच पुरावा. पेजमेकरच्या ६ आणि ७ या आवृत्त्यांच्या फाइली लिब्रे ऑफिस उघडू शकतं. पान जसंच्या तसं येईलच असं नाही, मजकूर येतो. फ्लॉपीवरच्या लेबलाचा फोटोही त्याच फोल्डरमध्ये हवा, कारण मोठी फाइल दाबून पाच फ्लॉप्यांवर पसरवायची तेव्हा पद्धत होती आणि ‘३/५’ हे लेबलावर पेनाने लिहिलेलं असायचं. तिसरी न मिळाल्यास चौथी आणि पाचवी सहसा मुकीच राहतात.

यावर पहिला आक्षेप असा की जे महत्त्वाचं होतं ते छापलं गेलं, मग छापील प्रत स्कॅन करा आणि अक्षरओळख करून घ्या. मराठीची अक्षरओळख आता बरीच सुधारली आहे. हा आक्षेप अर्धा मला मान्य आहे. स्वच्छ छापलेलं पुस्तक हाताशी असेल तर फ्लॉपीमागे लागण्यापेक्षा स्कॅनिंग स्वस्त आणि निर्धोक पडतं, यात वाद नाही. रत्नागिरीचं नगर वाचनालय १८२८ पासूनचं आहे. कागद टिकवण्याचा अनुभव या गावाला फ्लॉपीपेक्षा दीडशे वर्षांनी जास्त आहे. पण चार दिवसांचं पत्रक, सायक्लोस्टाइलसाठी टाइप केलेला अहवाल, छापायचा राहून गेलेला शाहिरी कवनांचा संग्रह यांची छापील प्रत म्हणजे कुठली? ज्याला कागद नाही त्याचंच हे बोलणं आहे.

दुसरा आक्षेप व्यवहाराचा: शंभर फ्लॉप्यांत नव्वद लग्नपत्रिका निघणार, एवढा व्याप कशाला? इथे गणित उपयोगी पडतं. धडधाकट फ्लॉपीची प्रतिमा काढायला मिनिटभर किंवा थोडा जास्त वेळ लागतो, आणि हजार फ्लॉप्यांच्या प्रतिमा मिळून दीड जीबीसुद्धा होत नाहीत. निवड करायला वेळ लागतो, उतरवून घ्यायला नाही. निवड दहा वर्षांनी करता येईल. उतरवणं तेव्हा जमेलच असं नाही. सोनीने जपानमधली फ्लॉपीची विक्री मार्च २०११ मध्ये थांबवली. आज विकले जाणारे ड्राइव्ह बहुतेक जुन्या भागांवर चालले आहेत, आणि त्यांची हेडं घासूनघासून संपणारी आहेत. बरं, लग्नपत्रिकांनाही इतकं हिणवू नये. कुणाच्या पत्रिकेत मुंबईचा पत्ता कधीपासून येऊ लागला, यातून कोकणातल्या स्थलांतराचा इतिहास लिहिणारा कुणीतरी निघेल.

तिसरा आक्षेप मला खरोखर अडचणीचा वाटतो, आणि तो माझ्याच आग्रहातून निघतो. फाइल पुसली की फ्लॉपीवरचा मजकूर जात नाही. डॉस आणि विंडोज तिच्या नावाचं फक्त पहिलं अक्षर एका ठरावीक खुणेने बदलतात आणि ती जागा मोकळी झाल्याची नोंद करतात. नवीन काही त्यावर लिहिलं जाईपर्यंत जुना मजकूर तिथेच असतो. अख्ख्या फ्लॉपीची प्रतिमा म्हणजे या पुसलेल्या फाइलींचीही प्रतिमा. डीटीपीच्या दुकानातली फ्लॉपी दहा गिऱ्हाइकांच्या कामाला फिरलेली असते. स्मरणिकेच्या मजकुराखाली कुणाचा घटस्फोटाचा अर्ज असेल, कुणाच्या कर्जाचा तपशील असेल. त्या माणसाला आपलं कागदपत्र कधीच पुसलं गेलं असं वाटत असेल. यावर एकच मार्ग दिसतो: प्रतिमा संस्थेच्या कपाटात बंद, आणि बाहेर फक्त ज्या फाइलीशी संस्थेचा संबंध आहे तेवढीच. वाचनालयं देणगीत आलेल्या खासगी पत्रव्यवहाराशी असंच वागतात. कुतूहल म्हणून पुसलेल्या फाइली चाळत बसणं हा दुसऱ्याच्या घरात डोकावण्याचाच प्रकार आहे, साधन कितीही आधुनिक असो.

राहता राहिला सर्वात अवघड प्रसंग: फ्लॉपी वाचली, फाइल मिळाली, पण फॉन्टचं नाव नाही, फॉन्ट नाही, टाइप करणारा ऑपरेटरही गावात उरलेला नाही. इथे मघाशी फ्लॉपीविरुद्ध उभी केलेली छापील प्रतच कामाला येते. त्या फाइलीतून छापलेल्या अंकाची एक मळकी प्रत जरी मिळाली तरी तो फॉन्ट उलगडता येतो, कारण एकच मजकूर दोन रूपांत समोर असतो. कागदावर ठिकाणाचं नाव, म्हणजे ‘रत्नागिरी’, शोधायचं, ते पहिल्या पानावर तारखेशेजारी असतंच. मग फाइलीत त्या जागी आठ खुणांची अशी ओळ शोधायची की जिच्यातली पहिली आणि सातवी खूण एकच आहे. ती ‘र’. दुसरी अर्धा त, तिसरी न, चौथी काना, पाचवी पहिली वेलांटी, सहावी ग, आठवी दुसरी वेलांटी. त्या फॉन्टात अक्षरं दंड लावून घडवलेली असतील तर ओळ लांबते आणि काना एकापुढे एक दोनदा दिसतो, त्यावरून तेही कळतं. सात तुकड्यांची घरं सापडली की त्यांतून पुढच्या ओळीतले निम्मे शब्द ओळखू येतात, आणि त्या शब्दांतून उरलेली घरं. एक दुपार लागते, कधी दोन. अंक आणि फ्लॉपी दोन वेगळ्या कपाटांत, दोन वेगळ्या लोकांकडे असली तर मात्र हे सुरूच होत नाही.